'क्ष' कुठे शोधायचा? : संगणकीय शब्दसूचीतील एका सूक्ष्म दोषाचा अभ्यास

कोश, सूची आणि अनुक्रमणिका ही अभ्यासकाची रोजची साधने आहेत. छापील कोशात शब्द सापडला नाही तर आपण पान मागेपुढे करतो, ऱ्हस्वदीर्घ बदलून पाहतो आणि मगच 'नाही' म्हणतो. संगणकाच्या पडद्यावर 'नोंद आढळली नाही' अशी ओळ आली की मात्र आपण पुढे जातो. त्या ओळीचा अर्थ 'शब्द नाही' असाच आपण धरतो. वास्तविक तिचा अर्थ एवढाच असतो की, शोधणारा ज्या वाटेने गेला त्या वाटेवर शब्द नव्हता. या दोन अर्थांतील अंतर भाषेच्या अभ्यासात किती महाग पडू शकते, हे आमच्या विभागातील शब्दसंग्रहाच्या निमित्ताने मला तपशिलात पाहता आले. तो दोष काय होता, तो कसा ओळखला आणि कसा दुरुस्त केला, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे. वाचकाला संगणकशास्त्र येत असले पाहिजे असे नाही. मराठी वर्णमाला येत असली की पुरे.

१. सूची म्हणजे क्रमाचा करार

डेटाबेस म्हणजे नोंदींचा साठा. नोंदी जसजशा येतात तसतशा त्या साठ्यात ठेवल्या जातात. त्यांना कसलाही क्रम नसतो. अशा साठ्यात एक शब्द शोधायचा तर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचत जावे लागते. हा वेळ वाचवण्यासाठी साठ्याच्या शेजारी एक क्रमवार यादी ठेवतात. तिला संगणकवाले इंडेक्स म्हणतात. ग्रंथाच्या शेवटी असते तशीच ही शब्दसूची: शब्द अकारविल्ह्यांनी लावलेले आणि प्रत्येकासमोर मूळ नोंदीचा पत्ता.

ही सूची मोठी झाली की तिचीही पाने पाडावी लागतात. कोणत्या पानावर कोणत्या शब्दापासून कोणत्या शब्दापर्यंत नोंदी आहेत, हे सांगणारे आणखी एक पान वर ठेवतात. त्याच्याही वर आणखी एक. अशा पायऱ्यांच्या रचनेला बी-ट्री असे नाव आहे. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी ती १९७० मध्ये मांडली, १९७२ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि आज जगातल्या बहुतेक डेटाबेसमध्ये तिचेच कोणते ना कोणते रूप वापरले जाते. कोशाच्या पानाच्या माथ्यावर 'गाजर - गारठा' असे दोन शब्द छापलेले असतात. ते पाहून आपण पान उलटतो. बी-ट्रीचे काम तसेच चालते.

पान उलटताना आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ज्या क्रमाने कोशकाराने शब्द लावले, तोच क्रम आपल्या मनात आहे. हा न लिहिलेला करार मोडला तर कोश अचूक असूनही शब्द सापडत नाही. सूचीवरचा प्रत्येक शोध या एकाच करारावर उभा असतो, हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढचा सारा गोंधळ या एका सूत्राने उलगडतो.

२. दोष कसा दिसला

इंदूर, देवास, धार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांतील बोलण्यातले शब्द आमचे विद्यार्थी गेली काही वर्षे टिपत आहेत. आधी ते कार्डांवर लिहिले जात, पुढे ते संगणकावर चढवले गेले. त्यासाठीची छोटी आज्ञावली बाहेरून करून घेतलेली होती. शब्द पूर्ण टाइप केला तर त्याची नोंद दिसायची. आरंभीची एकदोन अक्षरे टाइप केली तर त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द ओळीने दिसायचे. ही दुसरी सोय विद्यार्थ्यांच्या फार उपयोगाची.

एका विद्यार्थिनीने एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी या संग्रहातील शब्दांची अक्षरवार मोजणी केली. क्ष आणि ज्ञ यांच्यापुढे तिने शून्य लिहिले आणि त्या शून्यावर एक परिच्छेदही लिहिला. हिंदीच्या दीर्घ सहवासामुळे इकडच्या घरांतून 'क्ष'ने सुरू होणारे शब्द मागे पडले, 'क्षमा'च्या जागी 'माफी' आली, असे तिचे म्हणणे. परिच्छेद सुसंगत होता. ऐकताना पटण्यासारखाही होता. हिंदीच्या छायेत जगणाऱ्या मराठीबद्दल असे काहीतरी ऐकण्याची आपल्याला सवयच झालेली आहे.

मात्र तिच्याच गटाने एका वृद्ध गृहस्थांकडून टिपलेला शब्द तिला आठवत होता. "सर, आजोबा म्हणाले होते, त्याला कशाची क्षिती नाही. ते कार्ड मीच लिहिलं होतं." 'पर्वा' या अर्थाचा 'क्षिती' हा शब्द खास मराठी वळणाचा आहे. हिंदीत 'क्षिति' म्हणजे पृथ्वी आणि 'क्षति' म्हणजे हानी. म्हणजे हिंदीच्या प्रदेशात राहूनही एका घराने मराठी अर्थ जपला होता, आणि आमची सूची सांगत होती की असा शब्दच नाही. 'क्षिती' हा पूर्ण शब्द टाइप करून पाहिला. नोंद लगेच आली. नुसता 'क्ष' टाइप केला. पुन्हा शून्य.

अभाव हा भाषाभ्यासात पुरावा म्हणून वापरला जातो. अमुक शब्द अमुक बोलीत नाही, यावर आपण भाषासंपर्काचे, स्थलांतराचे, ऱ्हासाचे निष्कर्ष काढतो. असा निष्कर्ष एकदा प्रबंधात गेला की पुढचा संशोधक तो उद्धृत करतो आणि मूळ कार्डांपर्यंत कुणी जात नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण आपल्या बोलण्याच्या नोंदी मुळात थोड्या. म्हणून आकडा नुसता दुरुस्त करून भागणार नव्हते. तो चुकला का, हे शोधणे भाग होते.

३. निदान : एकाच प्रश्नाची दोन उत्तरे

पाठचिकित्सेत आपण एकाच ओळीचे दोन हस्तलिखितांतले पाठ शेजारी ठेवतो. इथेही तेच केले. 'क्ष'ने सुरू होणारे शब्द कोणते, हा एकच प्रश्न दोन वाटांनी विचारला. पहिली वाट सूचीची. दुसरी वाट सूची बाजूला ठेवून सगळा साठा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याची. दुसऱ्या वाटेने क्षण, क्षमा, क्षिती, क्षुल्लक, क्षेत्र, क्षौर असे सगळे शब्द मिळाले. पहिल्या वाटेने एकही नाही. म्हणजे साठा शाबूत होता. टायपिंगचाही दोष नव्हता. दोष सूची वाचण्याच्या रीतीत होता.

मग वेगवेगळी आरंभाक्षरे देऊन पाहिली. 'गो' दिल्यावर गोठा, गोधडी, गोवरी नीट आले. 'बाळ' दिल्यावर बाळबोध, बाळंतपण आले. 'अक्ष' दिल्यावर मात्र अक्षता नाहीत, अक्षरही नाही. 'विज्ञ' दिल्यावर विज्ञान नाही. 'क्ष' रिकामा, पण 'क्षि' दिल्यावर क्षिती हजर! 'क्षम' दिल्यावर क्षमाही हजर.

या शेवटच्या दोन निरीक्षणांमुळे दोषाची हद्द ठरली. क्ष किंवा ज्ञ शब्दात असला म्हणून बिघडत नव्हते. शोधासाठी दिलेला तुकडा नेमका क्ष वर किंवा ज्ञ वर संपला तरच उत्तर शून्य येत होते. पुढे एक अक्षर वाढवले की सगळे ठीक. इतक्या अरुंद फटीत दडलेला दोष वर्षानुवर्षे ध्यानात आला नाही, यात नवल नाही.

४. कारण : एका घरात दोन वर्णक्रम

संगणकशास्त्र विभागातील एका तरुण सहकाऱ्याला सोबत घेऊन आज्ञावलीचा तो भाग ओळीओळीने वाचला. आरंभाक्षरांवरून शोधण्याची तिची रीत अशी होती. दिलेला तुकडा ही खालची मर्यादा. त्या तुकड्यातील शेवटच्या चिन्हाच्या जागी त्याच्या पुढचे चिन्ह ठेवले की वरची मर्यादा. सूचीत खालच्या मर्यादेपाशी जायचे आणि वरची मर्यादा येईपर्यंत वाचत राहायचे. 'गो' दिला तर वरची मर्यादा 'गौ'. 'क' दिला तर 'ख'. ही युक्ती जुनी आणि सर्वत्र वापरली जाणारी आहे. तिच्यात गैर काही नाही.

प्रश्न आहे तो 'पुढचे चिन्ह' या शब्दांचा. पुढचे कुणाच्या क्रमात?

संगणकात प्रत्येक चिन्हाला युनिकोडने एक क्रमांक दिलेला आहे. दशमान पद्धतीने लिहायचे तर क चा क्रमांक २३२५, ख चा २३२६. ल चा २३५४, आणि त्याला लागून ळ चा २३५५. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय प्रमाणकावरून घेतली आहे. सगळ्या भारतीय लिपींची समान अक्षरे समान जागी यावीत, हा तिचा हेतू होता. म्हणून तिथे ळ हा ल च्या शेजारी बसला. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतंत्र क्रमांकच नाही. क्ष म्हणजे क, हलन्ताचे चिन्ह आणि ष अशी तीन चिन्हे. ज्ञ म्हणजे ज, हलन्त आणि ञ.

मराठी मूल मात्र वर्णमाला म्हणताना ह नंतर ळ, क्ष, ज्ञ म्हणते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ५२ वर्णांची जी वर्णमाला दिली आहे, तिच्यातही क्ष आणि ज्ञ ही दोन विशेष संयुक्त व्यंजने म्हणून वेगळी गणली आहेत. आमच्या सूचीचा क्रम ठरवताना आज्ञावलीकाराने हीच वर्णमाला प्रमाण मानली आणि क्ष, ज्ञ यांना ळ च्या पुढे जागा दिली. निर्णय योग्यच होता.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहू. शोधाचा तुकडा 'क्ष'. खालची मर्यादा 'क्ष'. सूचीत ती अगदी शेवटी, ळ च्या पुढे. वरची मर्यादा काढण्यासाठी ष चा क्रमांक २३५९ एकाने वाढवला, २३६० म्हणजे स आला, आणि मर्यादा झाली 'क्स'. हा 'क्स' सूचीच्या क्रमात कुठे बसतो? क च्या घरात, पार सुरुवातीला. म्हणजे वाचणाऱ्याला आज्ञा मिळाली की सूचीच्या शेवटी जा आणि सुरुवातीचा शब्द येईपर्यंत वाच. तो क्ष च्या पहिल्या शब्दापाशी पोहोचला, वरची मर्यादा केव्हाच मागे पडली आहे असे त्याने पाहिले आणि रिकाम्या हाताने परतला. 'ज्ञ'चेही तेच: वरची मर्यादा 'ज्ट', आणि ती ज च्या घरात.

'क्षि' का चालला, हेही यातून कळते. तिथे वाढवायचे चिन्ह ऱ्हस्व इकाराचे होते. वरची मर्यादा 'क्षी' झाली आणि दोन्ही मर्यादा क्ष च्याच घरात राहिल्या.

थोडक्यात, सूची लावणाऱ्याने मराठी वर्णक्रम पाळला आणि सूची वाचणाऱ्याने युनिकोडचा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. करार मात्र मोडला.

एक बारकावा इथे सांगितला पाहिजे. 'ल'चा शोध तपासला तेव्हा उत्तर बरोबर आले होते. पण तिथेही मर्यादा चुकलेलीच होती. ल च्या पुढचा क्रमांक ळ चा, आणि आमच्या सूचीत ळ हा ह च्या पुढे. म्हणून वाचणारा ल पासून निघून व, श, ष, स, ह सगळे ओलांडत जात होता. प्रत्येक शब्द दाखवण्यापूर्वी तो ल ने सुरू होतो का, याची वेगळी तपासणी असल्यामुळे पडद्यावर फक्त ल चे शब्द दिसत. काम हळू होई, उत्तर बरोबर येई. बरोबर उत्तर हा रीत बरोबर असल्याचा पुरावा नसतो, हे गणिताचे शिक्षक मुलांना सांगतात. ते सूचीलाही लागू आहे.

५. नाकारलेली दुरुस्ती

पहिली सुचलेली दुरुस्ती सोपी होती: वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या आधी येत असेल तर सूची सोडून सगळा साठा वाचायचा. दोन ओळींचे काम. ती करून पाहिली. 'क्ष', 'ज्ञ', 'अक्ष', 'विज्ञ' सगळे शब्द आले.

तरीही ती स्वीकारली नाही, कारण दोन वाटांची तुलना पुन्हा केली तेव्हा 'क' या एका अक्षरापाशी दोन उत्तरे आली. सूचीच्या वाटेने कमळ, कागद, कुंची मिळाले. साठा वाचण्याच्या वाटेने यांच्याबरोबर क्षमा आणि क्षितीही मिळाले. या ठिकाणी मर्यादा उलट्या नव्हत्या, त्यामुळे नव्या दोन ओळी जाग्याच झाल्या नाहीत.

यांपैकी बरोबर उत्तर कोणते? हा प्रश्न संगणकाचा नाही. 'क्षमा' हा शब्द 'क'ने सुरू होतो का, हा प्रश्न भाषेचा आहे, आणि त्याला एकच उत्तर नाही. हिंदीतही मुले वर्णमाला म्हणताना क्ष, त्र, ज्ञ शेवटी म्हणतात, पण हिंदी कोशात 'क्षमा' क च्या पोटात शोधावा लागतो आणि 'ज्ञान' ज च्या. आमचे विद्यार्थी दोन्ही भाषांचे कोश वापरतात. दोन्ही सवयी त्यांच्या बोटांत आहेत. साठा वाचणारी वाट चिन्हे मोजत होती, म्हणून तिला क्ष मध्ये क दिसत होता. सूचीची वाट वर्ण मोजत होती, म्हणून तिला दिसत नव्हता. 'सुरू होणे' या क्रियापदाचे एकाच आज्ञावलीत दोन अर्थ झाले होते. हे मूळ दुखणे तसेच ठेवून वरची मर्यादा दुरुस्त केली असती, तर दोष एका दारातून जाऊन दुसऱ्या दारातून आला असता.

६. स्वीकारलेली दुरुस्ती

विभागात चर्चा करून आम्ही आधी भाषेचा निर्णय घेतला आणि मग कोडचा. निर्णय असा: या संग्रहापुरते क्ष आणि ज्ञ हे स्वतंत्र वर्ण, त्यांचे स्थान ळ नंतर, आणि 'क'ने सुरू होणाऱ्या शब्दांत 'क्षमा' धरायचा नाही. मात्र 'क' शोधणाऱ्याला यादीच्या तळाशी 'क्ष साठी शेवटी पाहा' अशी सूचना द्यायची. छापील कोशांतली 'पाहा' ही जुनी, शहाणी रीत आहे. हिंदी कोशाची सवय असलेल्या विद्यार्थ्याची तिने सोय होते.

त्यानंतर कोडमध्ये तीन बदल झाले.

पहिला बदल : शब्दाची फोड करणारी एकच पद्धत ठेवली. ती शब्दाचे वर्ण आणि मात्रा सुट्या करते आणि क्ष, ज्ञ यांच्या तीन चिन्हांना एक घटक मानते. सूची लावताना, सूची वाचताना आणि साठा वाचताना हीच फोड वापरायची.

दुसरा बदल : वरची मर्यादा काढणेच बंद केले. दिलेल्या तुकड्यापाशी जायचे, आणि पुढचा शब्द त्या तुकड्याने सुरू होतो आहे तोवर वाचत राहायचे. पहिला वेगळा शब्द आला की थांबायचे. 'पुढचे चिन्ह' शोधण्याची गरजच उरत नाही, मग ते चुकण्याची भीतीही नाही.

तिसरा बदल : तपासणी. वर्णमालेतील प्रत्येक वर्ण आणि त्यांच्या जोड्या घेऊन दोन्ही वाटांनी शोध करायचा आणि उत्तरे जुळतात का ते पाहायचे. कोडमध्ये कोणताही फेरफार झाला की ही तपासणी आपोआप व्हावी, अशी व्यवस्था केली.

दुसऱ्या बदलाविषयी एक शंका रास्त आहे. पहिल्या वेगळ्या शब्दापाशी थांबलो आणि त्याच तुकड्याने सुरू होणारा शब्द आणखी पुढे कुठे असला तर? तसे होऊ शकत नाही, पण एका अटीवर. शब्द घटकाघटकाने तुलना करून लावले असतील तर समान आरंभाचे शब्द एकमेकांना लागूनच बसतात, कारण दोन समान आरंभांच्या मध्ये वेगळ्या आरंभाचा शब्द यायला जागाच नसते. कोशात 'गो'चे शब्द एका जागी आणि मध्ये 'घ' येऊन पुन्हा 'गो' असे कधी होत नाही, त्याचे कारण हेच. अट एवढीच की लावताना जो घटक धरला तोच वाचताना धरला पाहिजे. पहिला बदल झाला म्हणून दुसरा बदल सुरक्षित झाला. क्रम उलटा केला असता तर शब्द पुन्हा हरवले असते.

७. एकच अक्षर, अनेक रूपे

घटक ठरवताना आणखी एक अडचण पुढे आली. मराठीत डोळ्यांना एकच दिसणारे अक्षर संगणकात निरनिराळ्या चिन्हांनी लिहिले जाऊ शकते.

ॲ हे पहिले उदाहरण. या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. तिचा क्रमांक २४१८, म्हणजे ह च्याही पुढे. त्याआधी आणि आजही अनेकजण अ (२३०९) लिहून त्यावर चंद्र (२३७३) देतात. म्हणजे 'ॲप' हा शब्द एकाने लिहिला तर क्रमांकाच्या हिशेबाने स्वरांत येतो आणि दुसऱ्याने लिहिला तर सगळ्या व्यंजनांच्या मागे जातो. युनिकोडचे नियम ही दोन रूपे आपोआप एक मानत नाहीत. ती आपल्यालाच एक करावी लागतात.

दुसरे उदाहरण 'दऱ्या'चे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. मराठीला हा भेद सोडता येत नाही. हा आडवा रफार काहीजण ऱ या स्वतंत्र चिन्हाने (२३५३) लिहितात, तर काहीजण र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. न दिसणारी चिन्हे 'कचरा' समजून सरसकट काढली, तर दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोंगर समुद्रात बुडतो! म्हणून आधी त्या रूपाचे ऱ मध्ये रूपांतर करायचे आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हे काढायची, असा क्रम ठेवला. सूचीत जाणाऱ्या प्रत्येक शब्दावर आणि शोधासाठी येणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर हाच संस्कार आधी होतो. त्यानंतर जुनी सूची पुसून नव्याने बांधली. जुन्या क्रमाने लावलेली सूची नव्या रीतीने वाचली असती तर तोच करार पुन्हा मोडला असता.

८. मोठ्या घरातही हेच घडते

ही एखाद्या लहान, घरगुती आज्ञावलीची गोष्ट आहे असे वाटण्याचा संभव आहे. म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या एका डेटाबेसचे उदाहरण देतो.

पोस्टग्रेस हा मुक्त डेटाबेस शब्दांचा क्रम ठरवण्यासाठी लिनक्स संगणकांवर ग्लिबसी नावाच्या पायाभूत लायब्ररीची मदत घेत आला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने अनेक भाषांचे वर्णक्रम आंतरराष्ट्रीय प्रमाणकाच्या नव्या आवृत्तीनुसार बदलले. बदल किती बारीक होता पाहा: इंग्रजीच्या अमेरिकी क्रमात आधी '११' पहिला आणि '१-१' नंतर येई, आता '१-१' पहिला आणि '११' नंतर येऊ लागला. ज्यांनी संगणकाची मूळ प्रणाली बदलली, पण डेटाबेसमधील सूच्या तशाच ठेवल्या, त्यांच्याकडे सूची जुन्या क्रमाने लावलेली आणि वाचणारा नव्या क्रमाचा अशी स्थिती झाली. असलेल्या नोंदी सापडेनात. एकमेव असायला हव्यात अशा नोंदींची दुसरी प्रत आत शिरू लागली. उपाय एकच: बाधित सूच्या नव्याने बांधणे.

त्याआधी, ३१ मार्च २०१६ रोजी, याच डेटाबेसच्या ९.५.२ या आवृत्तीत एक सोय मागे घ्यावी लागली होती. सूची लवकर लागावी म्हणून शब्दांची छोटी रूपे करून त्यांची तुलना केली जात होती. ग्लिबसीत शब्दांची थेट तुलना आणि या रूपांची तुलना काही भाषांत जुळत नव्हती. पुन्हा तेच: एका घरात दोन क्रम.

आमच्या दोषाशी नेमके जुळणारे मार्गदर्शनही पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेत आहे. एखाद्या भाषेच्या वर्णक्रमाने लावलेली साधी सूची आरंभाक्षरांच्या शोधासाठी वापरली जात नाही. तशा शोधासाठी चिन्हांच्या क्रमाने लावलेली वेगळी सूची ठेवावी लागते. ज्यांनी हा नियम केला त्यांना या फटीची कल्पना होती. लहान आज्ञावल्या लिहिणाऱ्यांपर्यंत ती पोहोचत नाही, एवढेच.

९. शिक्षकांसाठी आणि भाषासंस्थांसाठी

वर्गात हा विषय एका तासात शिकवता येतो. फळ्यावर दहा शब्द लिहावेत: हत्ती, ज्ञान, कमळ, झाड, क्षमा, वही, जहाज, कागद, लाडू, खडू. मुलांनी ते आधी मराठी वर्णमालेच्या क्रमाने लावावेत. उत्तर येईल: कमळ, कागद, खडू, जहाज, झाड, लाडू, वही, हत्ती, क्षमा, ज्ञान. मग क्ष आणि ज्ञ यांची फोड करून क आणि ज खाली लावावेत: कमळ, कागद, क्षमा, खडू, जहाज, ज्ञान, झाड, लाडू, वही, हत्ती. मग एका मुलाला पहिली यादी द्यावी आणि दुसऱ्या यादीच्या नियमाने त्यात 'क्षमा' शोधायला सांगावे. तो क च्या घरात जाईल, 'कागद'नंतर 'खडू' पाहील आणि सांगेल, 'नाही'. या दोषाचा सारा गाभा त्या एका 'नाही'त आहे. बडोद्याच्या वाचकांना गुजराती वर्णमालेतही ह नंतर ळ, क्ष, ज्ञ येतात हे ठाऊक असेल. बेळगावच्या वाचकांना कन्नड वर्णमालेत ह नंतर येणारा ळ परिचित असेल. शेजारच्या भाषेशी तुलना करून हा पाठ आणखी वाढवता येईल.

शब्दसंग्रह करणाऱ्या संस्थांनी तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. एक, संग्रहाच्या प्रस्तावनेत वर्णक्रम लिहून ठेवावा: अनुस्वाराचे स्थान कोणते, ळ कुठे, क्ष आणि ज्ञ कुठे, ॲ कुठे. जुने कोशकार हे लिहीत. संगणकावर आल्यावर आपण ते लिहिणे सोडून दिले, कारण क्रम यंत्र लावते असे वाटू लागले. दोन, आज्ञावली करून घेताना हे पान ती लिहिणाऱ्याच्या हाती द्यावे, आणि काम पुरे झाल्यावर दोन वाटांची तपासणी करून घ्यावी. तीन, मूळ कार्डे, वह्या, ध्वनिमुद्रणे टाकून देऊ नयेत. आमच्याकडे कार्डे होती म्हणून 'क्षिती' सापडली.

त्या विद्यार्थिनीने आपला परिच्छेद बदलला. नवी मोजणी करताना तिच्या लक्षात आले की 'माफी' आणि 'क्षमा' हे दोन्ही शब्द या घरांत आहेत, आणि कोणता कुठे वापरायचा याचे बोलणाऱ्यांचे संकेत ठरलेले आहेत: चुकून धक्का लागला तर माफी, देवापुढे क्षमा. एकाने दुसऱ्याला हुसकावले नाही, दोघांनी कामे वाटून घेतली. भाषासंपर्काबद्दलचा हा निष्कर्ष पहिल्यापेक्षा कितीतरी समृद्ध आहे, आणि तो आता तिच्या लघुप्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे.